'टू' आणि क्रियापद यांच्यामधली जागा : इंग्रजीच्या शिक्षकांना एक खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत इंग्रजी शिकवणारे व उत्तरपत्रिका तपासणारे सर्व शिक्षक आणि शिक्षिका यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगते. सांगलीत राहून गेली २९ वर्षे मी मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करते. खरेदीखते, कुलमुखत्यारपत्रे, मृत्युपत्रे, परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांचे सात-बारा उतारे आणि मुख्यतः हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे करार व पत्रव्यवहार माझ्या टेबलावर येत असतात. इंग्रजी वाक्यात एखादा शब्द कुठे बसला आहे यावरून माणसे हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. एकदा तर तो शब्द मीच बसवलेला होता. त्याविषयी पुढे सांगेनच. एवढ्या अधिकाराने, किंवा एवढ्याच अधिकाराने म्हणा, हे पत्र लिहीत आहे.

निमित्त माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे. ती यंदा दहावीला आहे. सराव परीक्षेत तिला आपल्या भागातील एका पिकाविषयी इंग्रजीत परिच्छेद लिहायचा होता. वाळवा तालुक्यात त्यांची हळद असते. काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे हे सगळे तिने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे परिच्छेद चांगला उतरला होता. त्यात दोन वाक्ये अशी होती. हळकुंडे नीट वाळवावी लागतात, या अर्थाने तिने 'वी हॅव टू केअरफुली ड्राय द रायझोम्स' असे लिहिले होते. आणि त्याआधी ती व्यवस्थित शिजलेली असावी लागतात, या अर्थाने 'दे हॅव टू बी प्रॉपर्ली बॉइल्ड बिफोर दॅट' असे लिहिले होते. दोन्ही वाक्यांखाली लाल शाईची दुहेरी रेघ होती, समासात 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' (म्हणजे 'टू' आणि क्रियापद या जोडीच्या मध्ये शब्द घालून ती फोडणे) असा शेरा होता आणि प्रत्येकी अर्धा गुण कापलेला होता.

एक गुण गेल्याचे तिला फारसे वाटले नाही. तिने मला विचारले ते एवढेच, "मावशी, मग 'नीट' टाकू तरी कुठे?" वर्गात तिला मिळालेले उत्तर असे होते की 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये काहीही येता कामा नये, बोर्डात गुण जातात. मी शाळेत गेले. संबंधित शिक्षकांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे तेच सांगितले. नियम कुठे छापलेला आहे, असे विचारल्यावर ते प्रांजळपणे म्हणाले की आम्हालाही आमच्या सरांनी असेच शिकवले. त्यांच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही, आणि म्हणूनच शाळेचे नाव इथे घेत नाही. पुढे शेजारपाजारच्या मुलांच्या वह्या पाहिल्या, तेव्हा वेगवेगळ्या शाळांतील वह्यांत हीच लाल रेघ दिसली. तेव्हा एका शाळेला पत्र लिहिण्याऐवजी आपणा सर्वांना लिहावे असे ठरवले.

आधी दुसऱ्या वाक्याचे बोलू, कारण त्यात वादाला जागाच नाही. 'टू बी प्रॉपर्ली बॉइल्ड' यात इन्फिनिटिव्ह फुटलेलाच नाही. 'टू'च्या पाठोपाठ 'बी' हे क्रियापद आलेले आहे आणि त्या दोघांमध्ये काहीही नाही. 'प्रॉपर्ली' बसले आहे ते 'बी' आणि 'बॉइल्ड' यांच्यामध्ये, आणि पॅसिव्ह रचनेत क्रियाविशेषणाची ती हक्काची जागा आहे. फुटलेल्या इन्फिनिटिव्हला नाके मुरडणारे जाणकारही या जागेला हरकत घेत नाहीत. उलट 'दे हॅव प्रॉपर्ली टू बी बॉइल्ड' असे लिहिले तर ते वाक्य अवघडल्यासारखे दिसते. तेव्हा तो अर्धा गुण कोणत्याही मताच्या परीक्षकाने परत द्यावा असा आहे.

ही चूक आपल्याकडेच होते असे मात्र नाही. हेन्री फाउलर यांनी इंग्रजीच्या वापराविषयीचा आपला कोश १९२६ साली प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी या एका मुद्द्यावरून इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच वर्ग पाडले आहेत: ज्यांना हा प्रकार काय असतो हे ठाऊक नाही आणि त्याची फिकीरही नाही, ज्यांना ठाऊक नाही, पण फिकीर मात्र फार आहे, ज्यांना ठाऊक आहे आणि जे त्याचा निषेध करतात, ज्यांना ठाऊक आहे आणि मान्य आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे व जे तारतम्याने वागतात. पहिल्या वर्गातील माणसे संख्येने सर्वांत जास्त आणि सर्वांत सुखी, असे ते म्हणतात. त्यांचा खरा रोख आहे तो दुसऱ्या वर्गावर. नसलेल्या इन्फिनिटिव्हला फुटण्यापासून वाचवण्यासाठी ही मंडळी आपली वाक्ये कशी पिळवटून टाकतात, हे दाखवताना त्यांनी नेमका 'टू बी' आणि त्यानंतर येणाऱ्या क्रियाविशेषणाचाच दाखला घेतला आहे. भाचीच्या उत्तरपत्रिकेतील दुसरी लाल रेघ पाहिली तेव्हा मला तो दुसरा वर्ग आठवला, आणि थोडे हसूही आले, कारण ऐन तिशीपर्यंत मीसुद्धा त्याच वर्गात बसत होते.

पहिल्या वाक्यात मात्र इन्फिनिटिव्ह खरोखरच फुटलेला आहे. 'टू' आणि 'ड्राय' यांच्यामध्ये 'केअरफुली' शिरले आहे. ते तिथे कसे शिरले, हे पाहायचे तर आधी मराठी पाहावी लागते. आपण 'हळकुंडे नीट वाळवायला हवीत' असे म्हणतो. कर्म आधी सांगून टाकतो आणि 'नीट' हा शब्द क्रियापदाला टेकवून ठेवतो. 'वाळवायला' यातील प्रत्यय धातूला मागून जोडलेला आहे, त्यामुळे 'नीट' पुढून येऊन धातूला कितीही चिकटले तरी प्रत्यय आणि धातू यांची ताटातूट होण्याचा प्रश्नच येत नाही. इंग्रजीत तेच काम करणारा 'टू' क्रियापदाच्या पुढ्यात उभा असतो. मराठी मूल सवयीने क्रियाविशेषणाला क्रियापदाशेजारी नेऊन बसवते आणि 'टू' आपोआप त्याच्या अलीकडे राहतो. म्हणजे मुलीच्या कानाला क्रियाविशेषणाची जागा बरोबर कळलेली होती.

इंग्रजीतही एके काळी हे काम मागून लागणारा प्रत्ययच करत असे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'लिहिणे' या अर्थी 'व्रीतान' असा एकच शब्द होता. त्यातील शेवटचे 'आन' म्हणजे आपल्या 'लिहिणे'मधील 'णे' समजावे. 'टू' हे तेव्हा दिशा किंवा हेतू दाखवणारे साधे शब्दयोगी अव्यय होते. पुढे हे शेवटचे प्रत्यय बोलण्यात झिजत झिजत नाहीसे झाले आणि त्यांचे काम 'टू'कडे आले. बाराव्या-तेराव्या शतकांत हा बदल मुरू लागला, तेव्हापासूनच 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये एखादा शब्द बसवलेली वाक्ये लेखी सापडतात. चौदाव्या शतकातील जॉन विक्लिफ यांच्या लेखनात ती बरीच आहेत. मधल्या दोन-तीन शतकांत ती कमी झाली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा वाढली. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या १७८६ सालच्या एका कवितेत 'टू नोब्ली स्टेम' असे शब्द आहेत. म्हणजे आपल्या मुलांची ही 'चूक' इंग्रजांच्याच घरात सहा-सातशे वर्षे सुखाने नांदत आली आहे.

मग तिला चूक ठरवले कुणी? या बंदीला बळ देणारे सर्वांत परिचित नाव म्हणजे कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड. त्यांचे इंग्रजीविषयीचे पुस्तक १८६४ साली आले. त्यात ते सांगतात की कुणा पत्रलेखकाने त्यांना कळवले, मी 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालतो आणि त्यात मला वावगे वाटत नाही. आल्फर्ड यांनी त्याला उत्तर दिले की इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांमध्ये ही रीत मुळीच नाही. 'टू' हा क्रियापदापासून अविभाज्य आहे असेच आपण समजतो. आणि 'सायंटिफिकली टू इलस्ट्रेट' किंवा 'टू इलस्ट्रेट सायंटिफिकली' अशा दोन वाटा मोकळ्या असताना तिसरी काढण्याचे कारण दिसत नाही. ही रीत मुळीच नाही, हे त्यांचे म्हणणे त्या काळीही खरे नव्हते, हे वर दिलेल्या उदाहरणांवरून दिसतेच. आपल्याकडे शिकवण्यांमध्ये सांगितली जाणारी कथा वेगळी आहे. लॅटिनमध्ये 'अमारे' म्हणजे 'प्रेम करणे' हा एकच शब्द असतो, तो फोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही फोडायचा नाही, असे मीही शिकले होते. पण आल्फर्ड यांच्या त्या उत्तरात लॅटिनचा आधार घेतलेलाच नाही. आणि लॅटिनची सबब ग्राह्य धरायची तर मराठीचीही धरावी लागेल, कारण 'करणे'सुद्धा फोडता येत नाही.

'टू' खरोखर अविभाज्य असता, तर 'आय कॅन गो', 'शी मेड हिम वेट' या वाक्यांत तो दिसला असता. तिथे तो नसतो आणि तरीही 'गो' आणि 'वेट' हे इन्फिनिटिव्हच असतात, हे आपणच वर्गात शिकवता. डॅनिश वैयाकरण ओटो येस्पर्सन यांनी यावर मार्मिक युक्तिवाद केला होता. त्यांचे म्हणणे असे की नामासाठी 'द' जितका अविभाज्य, तितकाच इन्फिनिटिव्हसाठी 'टू'. आणि 'द गुड मॅन' म्हटल्याने नाम फुटले, असे काही कुणी म्हणत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. व्यवसायाला लागून मला चार-पाच वर्षे झाली होती. हळदीचे एक व्यापारी आणि एक गोदामवाले यांच्यात माल अडकण्यावरून बोलाचाली झाली होती. मध्यस्थांसमोर बसून त्यांनी मिटवले आणि मराठीत एक पानभर कागद केला. त्यात वाक्य होते, 'गोदामधारकांनी सदर माल ताबडतोब सोडण्याचे मान्य केले आहे.' माल परराज्यातील खरेदीदाराकडे जायचा होता, म्हणून इंग्रजी प्रत हवी होती. मी सुरुवातीला लिहिले, 'ॲग्रीड टू इमिजिएटली रिलीज'. लगेच माझे मलाच शाळेतील सर आठवले. इन्फिनिटिव्ह फुटला होता. मी तो जोडला आणि लिहिले, 'द वेअरहाउसकीपर ॲग्रीड इमिजिएटली टू रिलीज द बॅग्ज'. त्याखाली भाषांतर बरहुकूम असल्याची सही केली.

पुढे माल सुटायला ११ दिवस लागले. भाड्याचे पैसे कुणी द्यायचे यावर पुन्हा वाद निघाला आणि पत्रव्यवहार इंग्रजीत सुरू झाला. गोदामवाल्यांच्या वकिलांनी माझेच वाक्य पुढे केले. त्यांचे म्हणणे असे की 'इमिजिएटली' हे 'ॲग्रीड'ला लागते. आमच्या अशिलाने ताबडतोब मान्यता दिली, ताबडतोब माल सोडण्याचे कबूल केलेले नाही. वाक्य पुन्हा वाचले तर त्यांचे खोटे नव्हते. तो शब्द दोन क्रियापदांच्या बरोबर मध्ये उभा होता आणि दोघांकडेही तोंड करून होता. मूळ मराठी कागदात 'ताबडतोब' हा शब्द 'सोडण्याचे'च्या शेजारी होता म्हणून प्रकरण निभावले. 'ताबडतोब माल सोडण्याचे मान्य केले' असे मराठीत लिहिले असते तर तिथेही हाच घोळ झाला असता. मला नवे भाषांतर फुकट करून द्यावे लागले, आणि त्या व्यापाऱ्यांनी पुढची दोन वर्षे माझ्याकडे काम दिले नाही.

आपण म्हणाल, शब्द शेवटी का नाही टाकला? 'ॲग्रीड टू रिलीज द बॅग्ज इमिजिएटली' हे वाक्य निर्मळ आहे, हे मला मान्य आहे, आणि मुलांना ही वाट आधी दाखवावी हेही मान्य आहे. पण कागदावर नुसते 'द बॅग्ज' नव्हते. तिसऱ्या शेडमधील, मार्चमध्ये दिलेल्या पावत्यांवरील, २४० पोती, असे सगळे वर्णन इंग्रजीत क्रियापदाच्या नंतर येते. त्या शेपटाच्या टोकाला 'इमिजिएटली' लावले तर ते मार्चमधील पावत्यांना जाऊन चिकटते आणि पावत्या ताबडतोब दिल्या होत्या असा भलताच अर्थ निघतो. पुढे टाकावे तर 'ॲग्रीड' ओढून घेतो, मागे टाकावे तर पावत्या 'दिलेल्या' या अर्थाचा 'इश्यूड' ओढून घेतो. 'रिलीज'च्या अगदी पुढ्यात, म्हणजे 'टू'च्या नंतर, ही एकच जागा अशी होती की तिथे त्याला दुसरे कुणी ओढू शकत नव्हते. माझ्या हाताने आधी नेमकी तीच जागा निवडली होती आणि मी ती नियमाच्या भीतीने खोडली.

याच कारणाने काही वाक्यांत फोडण्यावाचून गत्यंतरच नसते. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत एखादा व्यापारी बाहेरच्या खरेदीदाराला कळवतो की भाव दुपटीहून जास्त होतील असा अंदाज आहे. इंग्रजीत त्याला 'द प्राइस इज एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल' असेच लिहावे लागते. यातील 'मोअर दॅन' हलवून पाहावे. 'मोअर दॅन टू डबल' म्हटले तर काही अर्थच लागत नाही, आणि 'टू डबल मोअर दॅन' म्हटले तर वाचणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत बसतो. वाक्याची पूर्ण मोडतोड करून नवे वाक्य बांधता येते, नाही असे नाही. पण सरळ वाक्य शुद्ध असताना त्याला मोडायचे कशासाठी?

क्रियाविशेषणाची जागा क्रियापद कसे निवडते, याचा सर्वांत चांगला धडा आपल्या पाठ्यपुस्तकात पहिल्या धड्याच्याही आधी छापलेला असतो. संविधानाच्या उद्देशिकेत 'हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड टू कॉन्स्टिट्यूट इंडिया' असे शब्द आहेत. 'सॉलेम्नली' हे 'रिझॉल्व्ड'च्या अलीकडे आहे, कारण गांभीर्य निर्धारात आहे. मराठी उद्देशिकेतही त्या अर्थाचे क्रियाविशेषण 'निर्धार करून' याला टेकूनच येते. आता वर्गात फळ्यावर तो शब्द एक घर पुढे सरकवून 'रिझॉल्व्ड सॉलेम्नली टू कॉन्स्टिट्यूट' करावा आणि मुलांना विचारावे की गांभीर्य कशात आहे. आणखी एक घर पुढे, 'टू सॉलेम्नली कॉन्स्टिट्यूट', आणि पुन्हा विचारावे. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याचे उत्तर मुले चटकन देतील. दुसऱ्या वाक्यापाशी वर्गात दोन तट पडतील. इन्फिनिटिव्ह फुटला आहे तो फक्त तिसऱ्यात, आणि घोटाळा आहे तो दुसऱ्यात. आपल्या प्रचलित नियमाप्रमाणे मात्र लाल रेघ तिसऱ्याखाली येईल आणि दुसरे वाक्य पूर्ण गुण घेऊन सुटेल. माझी सगळी तक्रार एवढ्या एका गोष्टीविषयी आहे.

फोडलेला प्रत्येक इन्फिनिटिव्ह गोड असतो, असा माझा दावा नाही. करारांमध्ये वकील मंडळी 'टू' लिहून झाल्यावर स्वल्पविराम देतात, मग 'विदाउट एनी फर्दर डिले अँड ॲट हिज ओन कॉस्ट' असा नऊ शब्दांचा गठ्ठा कोंबतात आणि त्यानंतर कुठे तरी 'व्हेकेट' हे क्रियापद येते. वाचणारा 'टू' हातात धरून तिष्ठत राहतो. अशी वाक्ये मी स्वतः मोडून सरळ करते. 'टू रिअली इम्प्रूव्ह', 'टू रिअली हेल्प' अशा ठिकाणी 'रिअली' बरेचदा काहीच काम करत नसते. तिथे खोडायचे असेल तर तो शब्द खोडावा. फाउलर यांचे मतही टोकाचे नव्हते. इन्फिनिटिव्ह फोडणे मुद्दाम करण्यासारखे नाही, पण वाक्य दुअर्थी किंवा कृत्रिम होणार असेल तर त्यापेक्षा फोडलेले बरे, असे ते म्हणतात. गेली कित्येक वर्षे मी त्याच बेताने काम करते.

इंग्रजीत नियम ठरवणारी शिखर संस्था कोणतीच नाही, हेही मुलांना सांगायला हवे. मराठीच्या शिक्षकांनी ऱ्हस्व-दीर्घाचा गुण कापला तर त्यांना बोट ठेवायला जागा असते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. ते नियम आवडोत वा न आवडोत, छापलेले आहेत. इंग्रजीत मात्र कोशकार, संपादक आणि वैयाकरण काय म्हणतात आणि चांगले लिहिणारे काय लिहितात, यावरच सगळा हवाला. या सर्वांनी ही बंदी केव्हाच सैल केली आहे. ऑक्सफर्डच्या १९९८ सालच्या नव्या इंग्रजी कोशाने फुटलेल्या इन्फिनिटिव्हला मोकळीक दिली, तेव्हा वृत्तपत्रांत त्याची बातमी झाली होती. लंडनचे 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक आपल्या लेखकांना वर्षानुवर्षे सांगत असे की बंदी निरर्थक आहे, पण ती मोडलेली पाहून पुष्कळ वाचक चिडतात म्हणून पाळा. २०१८ साली त्यांनीही आपला आग्रह सोडला. गुप्तहेरकथा लिहिणारे अमेरिकी लेखक रेमंड चँडलर यांनी १९४७ साली एका मासिकाच्या संपादकांना कळवले होते की आपण इन्फिनिटिव्ह फोडतो तेव्हा तो फुटलेलाच राहावा म्हणून फोडतो, हे तुमच्या मुद्रितशोधकांना सांगा. पत्रातील मूळ भाषा याहून बरीच तिखट आहे.

क्रियाविशेषणाला क्रियापदाजवळून हुसकावून लावण्याची सवय किती खोल जाते, याचा एक नमुना २० जानेवारी २००९ रोजी साऱ्या जगाने पाहिला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथेत 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट' असे शब्द आहेत. यात इन्फिनिटिव्ह नाही, 'टू' नाही. तरीही शपथ सांगताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'फेथफुली' उचलून वाक्याच्या शेवटी नेले, बराक ओबामा अडखळले, आणि कसलीही शंका राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी शपथ पुन्हा द्यावी लागली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा लिहिले की क्रियापदांची जोडी फोडायची नाही, हा अंगात भिनलेला संकोचच त्याच्या मुळाशी असावा. ते अनुमान आहे, पण ज्याने माझ्यासारखे 'ॲग्रीड इमिजिएटली' लिहिले आहे त्याला ते सहज पटते.

आपणाकडे माझे मागणे फार नाही. 'टू बी' किंवा 'टू हॅव' यांच्या नंतर आलेल्या क्रियाविशेषणाला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणू नये, हे मागणे तर कोणत्याही मताच्या शिक्षकाला मान्य व्हावे. खरोखर फुटलेल्या इन्फिनिटिव्हसाठी गुण कापू नयेत. शब्द शेवटी नेल्याने वाक्य बरे होणार असेल तर समासात तसे लिहावे, मूल वाचते. आणि ज्या वाक्यात क्रियाविशेषण दोन क्रियापदांच्या मध्ये अडकून दोन अर्थ देत आहे, तिथे मात्र खुशाल रेघ ओढावी, मग इन्फिनिटिव्ह शाबूत असला तरी. या मुलांपैकी बरीच उद्या बँकेत, बाजार समितीत, वकिलांच्या कचेऱ्यांत, निर्यातदारांच्या दुकानांत बसून इंग्रजी पत्रे लिहिणार आहेत. तिथे त्यांच्या वाक्यातून दोन अर्थ निघाले तर समासात शेरा लिहायला कुणी नसेल. सराव म्हणून वर्गात वापरता येतील अशी साठ-सत्तर वाक्ये माझ्याजवळ आहेत, सगळी खऱ्या कागदांतून आलेली. नावे, गावे आणि रकमा काढून मी ती उतरवून ठेवली आहेत. ज्या शाळेला हवी असतील तिने सांगावे, मी स्वतः आणून देईन.

भाचीला मी तूर्त सांगितले आहे की बोर्डाच्या परीक्षेपर्यंत शब्द शेवटी टाकत जा, कारण परीक्षा तिची आहे आणि वाद माझा. तिने ते वाक्य माझ्यासमोरच बदलून लिहिले, 'वी हॅव टू ड्राय द रायझोम्स केअरफुली'. वाक्य चोख आहे. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "मावशी, असं वाटतंय की आधी वाळवली आणि मग आठवलं, अगं, नीट वाळवायची होती." दुसऱ्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका पुढील महिन्यात आपल्या हाती येतील. त्या तपासायला घेण्यापूर्वी आपल्या शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसून या रेघेविषयी काय ते ठरवावे, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक भाषांतरकार
विश्रामबाग, सांगली